अव्वाची औषधं कमी झाली तो हिवाळा

हे लिहायला बसलो खरा, पण बसता बसता कितीदा तरी उठलो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. लिहिणं म्हणजे वडिलांच्या, अप्पांच्या लेखी सही, आणि आईच्या, अव्वाच्या लेखी तेवढंही नाही. त्यात विषय औषधांचा. मी शिकतो इतिहास. औषधातलं मला काही कळत नाही. तेव्हा जाणत्यांनी मला क्षमा करावी. यात काही चुकीचं आढळलं तर ते माझं समजणं चुकलं असं धरावं, डॉक्टरांचं सांगणं नव्हे. पण त्या हिवाळ्यात जे पाहिलं ते अजून मनातून हलत नाही, आणि कुणालातरी सांगितल्याशिवाय ते हलणार नाही असं वाटतं.

संयुक्त महाराष्ट्र होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. मी सोलापूरला बोर्डिंगात राहून शिकत होतो. आमचं गाव मुरुमपासून दोन कोसांवर. दिवाळीच्या सुट्टीत हमरस्त्याला एसटीतून उतरलो आणि पायी घरी पोचलो. अव्वा सोप्यात खांबाला टेकून बसली होती. तिनं माझ्याकडं पाहिलं, आणि बराच वेळ नुसतीच पाहत राहिली.

"कोन, तू व्हय," ती म्हणाली. "बस."

एवढंच. आवाज खोल विहिरीतून यावा तसा. उन्हाळ्यात मी गेलो तेव्हा ती मंद झाली होती, पण इतकी नव्हती. आता ती भिंत धरून चालत होती. पाण्याचा तांब्या उचलला तर निम्मं पाणी सांडत होतं. मधूनच डोळ्याला पाणी यायचं आणि का रडतेस विचारलं तर तिलाही सांगता यायचं नाही. भाकरी अप्पा थापत होते. जाड, कडेला चिरलेल्या. त्याच भाकऱ्या दोघं गुमान खात होती. शेजारी कुणी म्हणत, वय झालं. अव्वाचं वय पन्नाशीलाही टेकलेलं नव्हतं. कुणी म्हणत, बाहेरचं आहे. अप्पा कुणालाच काही म्हणत नव्हते. मला मात्र त्यांनी गोठ्यात नेऊन सांगितलं, "ही आता हातातनं चालली बघ."

हे सगळं सुरू झालं दोन वर्षांपूर्वी. सुगीत अव्वाला चक्कर आली म्हणून अप्पा तिला सोलापूरला घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरांनी रक्तदाब वाढलाय म्हणून गोळी दिली. त्यानंतर काही महिन्यांनी ती उदास झाली, झोप उडाली. मग नळदुर्गच्या हकीमसाहेबांकडं नेलं. निजामाच्या काळापासून त्यांच्या हाताला गुण होता. त्यांनी डोकं शांत होण्यासाठी एक पूड दिली. तरी जीव थाऱ्यावर येईना म्हणून बाजारातल्या एका डॉक्टरानं झोपेची गोळी चालू केली. ती घेऊन पाय लटपटायला लागले, तर अशक्तपणा म्हणून लाल टॉनिक आलं. टॉनिकनं पोट बिघडलं, म्हणून पोटासाठी पांढरं औषध. प्रत्येक जण नवं देत गेला, पण आधीचं कुणी थांबवलं नाही. थांबवणार तरी कसं, कुणाला दुसऱ्याचं ठाऊकच नव्हतं. अव्वा सकाळी लिंगपूजा करायची, कपाळाला भस्म लावायची आणि देवाशेजारच्या कोनाड्यातून एकेक औषध काढून घ्यायची. भाकरी चुकली तर चुकायची, औषध कधी चुकलं नाही.

मुरुमच्या सरकारी दवाखान्यात त्या साली एक नवे डॉक्टर आले होते. बारीक अंगाचे, चष्मा लावणारे, पुण्याकडचं बोलणारे. लोकांचं त्यांच्याविषयी मत काही बरं नव्हतं.

"ते डाक्टर औषध देत न्हाय, नुसतं इचारतंय," आमच्या गावातला एक जण पारावर सांगत होता. "सुई मागितली तर म्हनतंय, पानी पी आन् झोप."

"सरकारचं औषध वाचवून पोरीच्या लग्नात वाढनार आसंल," दुसरा म्हणाला.

तरी मी अव्वाला तिथंच नेलं, कारण सोलापूरपर्यंत एसटीत बसण्याचं तिच्यात त्राण नव्हतं. डॉक्टरांनी तिला आडवं करून रक्तदाब घेतला. मग उभं करून परत घेतला. उभं राहताच तिचा तोल गेला आणि त्यांनीच तिला सावरलं. मग म्हणाले, "घरात जे जे चालू आहे ते सगळं घेऊन या. काही ठेवू नका."

दुसऱ्या दिवशी अव्वाला घेऊन परत गेलो. अप्पांनी सगळं एका फडक्यात बांधून आणलं आणि त्यांच्या टेबलावर सोडलं. बाटल्या, पुड्या, गोळ्या. डॉक्टर एकेक उचलून विचारत गेले, हे कुणाचं, कधीपासून, कशासाठी. अप्पा सांगत गेले आणि सांगता सांगता त्यांची मान खाली जात गेली.

"सोलापूरच्या डॉक्टरांना हकिमांचं सांगितलंत का? हकिमांना या गोळीचं?"

"कसं सांगनार, साहेब," अप्पा म्हणाले. "एकाच्या दारात बसून दुसऱ्याचं नाव काढायचं म्हंजे त्येचा अपमानच की. आमच्यात तसं करत न्हाईत."

मला वाटलं डॉक्टर हसतील. ते हसले नाहीत. त्यांनी हकिमांच्या पुडीतली चिमूट जिभेच्या टोकाला लावली आणि खिडकीबाहेर थुंकले. मग माझ्याकडं पाहून म्हणाले, "ही रक्तदाबाची गोळी ज्या मुळीपासून करतात, तीच मुळी या पुडीत असावी असा मला संशय आहे. पण मला खात्री नाही. त्यांना विचारल्याशिवाय सांगता येणार नाही. खरं असेल तर या बाई एकच औषध दोन हातांनी घेतायत. उदासी त्यानंच येऊ शकते. मग झोपेची गोळी त्या उदासीवर, टॉनिक त्या गोळीवर, आणि हे पांढरं त्या टॉनिकवर."

"मग काय काय बंद करायचं?" मी विचारलं.

उत्तर द्यायच्या आत अव्वा बोलली. इतका वेळ ती बाकावर डोळे मिटून होती.

"ज्यानं दिलंय त्यानं बंद कर म्हनावं," ती म्हणाली. "दुसऱ्यानं म्हनलेलं म्या ऐकनार न्हाय."

ही आमच्याकडची रीतच आहे. ज्यानं दोरा बांधला त्यानंच तो सोडायचा. डॉक्टरांना ती ठाऊक होती की नाही कोण जाणे, पण ते एवढंच म्हणाले, "बरोबर आहे. तुम्ही नळदुर्गला जाऊन या."

हकीमसाहेबांचं घर किल्ल्याच्या बाजूला. दारात बाभळीची सावली, आत स्वच्छ सारवलेली जमीन. ते चटईवर बसून बशीतून चहा पीत होते. अप्पांनी निजामाच्या काळात शिकलेल्या उर्दूत सलाम केला आणि अडखळत सगळी हकीकत सांगितली.

"असरोल आहे ती," हकीमसाहेब म्हणाले. "तुमच्यात सर्पगंधा म्हंतात. त्या गोळीत भी वोहीच हाय?"

"डॉक्टरांना तसं वाटतं," मी म्हणालो. "म्हणून विचारायला पाठवलं."

त्यांनी बशी खाली ठेवली. "विचारायला पाठवलं," ते स्वतःशीच म्हणाले. मग अप्पांकडं वळले. "दो साल हो गये. मला का नै सांगितलं?"

"तुमचा अपमान झाला असता जी."

"अरे बाबा," हकीमसाहेब म्हणाले, "मी जिंदगीभर लोकांची जीभ बघतो, नाडी बघतो, रात का पाखाना कैसा झाला ते विचारतो. माझा कसला अपमान?" अप्पा ओशाळून हसले. हकीमसाहेब हसले नाहीत. "बाईला सांगा, हकिमानं खुद म्हटलंय. मेरी दवा पहले बंद. आधी माझी, मग त्यांची. और उस डाक्टर को मेरा सलाम बोलना."

परतीच्या वाटेवर मी एकच विचार करत होतो. ज्या दोन माणसांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही, त्यातला एक विचारायला लाजत नाही आणि दुसरा मागं सरायला लाजत नाही, हे मी पुस्तकातही कधी वाचलं नव्हतं. आम्ही इतिहासात राज्यं घेतल्याचं शिकतो. सोडून दिल्याचं फारसं कुठं येत नाही.

अव्वानं हकिमांचा निरोप ऐकला, हात जोडले आणि ती पूड आपल्या हातानं कोनाड्यातून काढून अप्पांकडं दिली. हकिमांनीच सलाम धाडला म्हटल्यावर बाकीच्या औषधांसाठी मुरुमच्या डॉक्टरांचा शब्द तिला पुरला.

डॉक्टरांचा नियम एकच होता. एका वेळी एकच गोष्ट काढायची, मग थांबायचं, माणसाकडं बघायचं. पूड थांबली. मग टॉनिक, आणि त्याच्यामागून पोटाचं औषध. मग रक्तदाबाची गोळी अर्धी. झोपेच्या गोळीला अजून हात लावला नव्हता. दर बाजारच्या दिवशी अप्पा तिला गाडीत घालून मुरुमला न्यायचे, डॉक्टर रक्तदाब बघायचे, आणि पुष्कळदा एवढंच म्हणायचे की आज काही बदलायचं नाही. गावातल्या लोकांना याची मोठी गंमत वाटायची. एवढी गाडी जुंपून जायचं आणि काही न घेता परत यायचं.

सुट्टी संपल्यावर मी सोलापूरला गेलो आणि मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येला परत आलो. आमच्या भागात त्या दिवशी गावात चिटपाखरू राहत नाही. सगळी माणसं शेतात. कडब्याची खोपीवजा कोप करायची, आत पाच दगडांचे पांडव मांडायचे, भज्जी-भाकरीचा नैवेद्य दाखवायचा, पिकात आंबील शिंपडायची. अव्वा गाडीत बसून आली. वाटेत डावा बैल एका बांधाकडं ओढायला लागला, तशी ती पुढं वाकून त्याला कानडीतून बोलली. चांगली लांबलचक शिवी होती.

अप्पांनी कासरा सैल सोडला आणि मागं वळून पाहिलं. अव्वाचं माहेर कानडी मुलखातलं. खूश झाली किंवा चिडली की तिच्या तोंडून कानडी यायची. दोन वर्षांत आम्ही त्यातला एक शब्द ऐकला नव्हता.

"काय बघताय," ती म्हणाली. "म्होरं बघा."

मी गाडीच्या मागच्या कडेला पाय सोडून बसलो होतो. तिला कुणी काही दिलं नव्हतं. नवी बाटली नाही, सुई नाही, अंगारा नाही. फक्त काढून घेतलं होतं. विहिरीतला गाळ उपसला की तळाचा झरा मोकळा होतो, तो काही कुणी नवा आणून सोडलेला नसतो. माझी आई त्या सगळ्या औषधांखाली होतीच, आणि हे त्या डॉक्टरांना ती बाकावर डोळे मिटून बसलेली असताना दिसलं होतं. मला, तिच्या मुलाला, दिसलं नव्हतं.

जेवणं झाली. आंबील पिऊन सगळे सावलीला लवंडले. अप्पा गाडीतून एक फडकं काढून ओढ्याकडं गेले. मला वाटलं नारळ असेल. परत आले तेव्हा त्यांचे पाय भिजलेले होते आणि चेहरा उजळलेला.

"गेली पीडा," ते म्हणाले. "सगळी सोडली पान्यात."

उरलेली रक्तदाबाची गोळी आणि झोपेची गोळी, दोन्ही. अर्ध्या औषधानं इतका गुण आला तर सगळं गेल्यावर किती येईल, असा त्यांचा साधा हिशेब. त्यात अवसेचा दिवस. "अवसंला सोडायची तर पीडा अख्खी सोडावी," ते मला समजावून सांगत होते. "अर्धी ठिवली की ती माघारी येती." अव्वानं ओढ्याच्या दिशेनं हात जोडले. खरं सांगायचं तर मलाही ते योग्यच वाटलं. वाहत्या पाण्यात सोडलेलं परत मागायचं नसतं, हे लहानपणापासून माहीत.

दुसऱ्या दिवशी अव्वाचे हात थरथरायला लागले. तिला झोप आली नाही. त्याच्या पुढच्या सकाळी गोठा झाडताना ती आडवी झाली, डोळे पांढरे झाले आणि सगळं अंग झटके द्यायला लागलं. अप्पांनी तिचं डोकं मांडीवर घेतलं. मी सायकल काढली.

दवाखान्यात रांग होती. डॉक्टरांनी माझं ऐकलं, बॅग उचलली आणि जीपची वाट न बघता माझ्या सायकलच्या मागं बसले. ती ढेकळातली वाट, मागं सरकारी डॉक्टर, त्यांचा एक हात माझ्या खांद्यावर. वाटेत त्यांनी विचारलं, "झोपेची गोळी शेवटची कधी घेतली?" मी ओढ्याचं सांगितलं. ते म्हणाले, "माझी चूक झाली. काय आधी थांबवायचं ते मी सांगितलं. काय एकदम थांबवायचं नाही, ते सांगितलं नाही."

सरकारी माणसानं आपली चूक झाली म्हटल्याचं मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

त्यांनी इंजेक्शन दिलं. अव्वा शांत झाली, तिला झोप लागली. डॉक्टर तिच्याजवळ दुपारपर्यंत बसून राहिले. अप्पा अंगणात भिंतीकडं तोंड करून उभे होते. डॉक्टर त्यांच्याजवळ गेले.

"माज्या हातानं म्या तिला मारलंच असतं," अप्पा म्हणाले.

"तुम्ही भरलेली गाडी ओढ्याच्या उतारावर घेता," डॉक्टर म्हणाले. "मधेच बैल सोडता का?"

अप्पांनी वळून पाहिलं. "सोडले तर गाडी अंगावर येनार की."

"मग काय करता?"

"वडून धरायचं. हळूहळू उतरवायचं. सपाटीला आल्यावर सोडायचं."

"या गोळीचं तसंच आहे. ती रक्तदाबाची गेली ती गेली, ती परत नको. मी रक्तदाब बघत राहीन, तुम्ही मीठ कमी करा. पण झोपेची आज परत चालू करायची आणि उतारावरच्यासारखी कमी करायची."

अप्पांनी विचारलं, "सपाटी कवा येती?"

"मला माहीत नाही," डॉक्टर म्हणाले. "त्यांच्याकडं बघत बघत जायचं."

मी दारात उभा होतो. इतकं शिकलेला माणूस आमच्या अंगणात उभा राहून मला माहीत नाही म्हणत होता, आणि ते ऐकून अप्पांच्या चेहऱ्यावरची भीती कमी होत होती, वाढत नव्हती. ते मला तेव्हाही पुरतं समजलं नाही आणि आजही समजलंय असं म्हणवत नाही.

गोळी कमी करायची म्हणजे तिचे तुकडे करायचे. सुरीनं केले तर भुगा व्हायचा. शेवटी अप्पांनी कमरेच्या चंचीतला अडकित्ता काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि गोळीचा चौथा भाग असा कापला की डॉक्टर बघतच राहिले.

"सुपारी समजून तोंडात टाकशीला," अव्वा अंथरुणावरून म्हणाली. आवाज क्षीण होता, पण तिचाच.

त्यापुढं काही दिवस मी पाहिलं. एक चतकोर कमी करून काही बाजार तसेच जाऊ द्यायचे. हात थरथरले तर पुन्हा मागच्या पायरीवर यायचं, आणि त्यात कमीपणा मानायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ज्या अप्पांनी सगळं एका दमात ओढ्यात सोडलं, तेच आता रोज सकाळी अव्वाला हात पुढं करायला लावून तिची बोटं निरखत होते. पेरणीनंतर उगवण बघायला जसे वाकतात, तसे वाकून.

मला सोलापूरला परतणं भाग होतं. परीक्षा जवळ आली होती. निघताना अप्पा म्हणाले, "पत्राची वाट बघू नगंस." आमच्या घरात कार्ड फक्त मयताचं येतं, म्हणून अप्पा कधी कुणाकडून पत्र लिहवून घेत नाहीत. त्यामुळं पत्र न येणं चांगलं, हे मला माहीत होतं. पण बोर्डिंगात पोस्टमन आला की तो जाईपर्यंत मी खाली उतरायचो नाही. पुस्तक उघडून बसलो की डोळ्यांपुढं ती गोठ्यातली सकाळ यायची. चतकोराचा अर्धा चतकोर झाला असेल का? पुन्हा झटका आला असेल का? ज्वारी काढून झाली असेल, खळी झाली असतील. संक्रांत गेली, शिवरात्र गेली. पाडवाही गेला. कुणाला विचारणार?

परीक्षेच्या आधी काही दिवस, दुपारी, आमच्या गावातला एक शेतकरी बोर्डिंगाच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. करडईचं पोतं आडत बाजारात घालून तो मला शोधत आला होता. मी धावतच खाली गेलो. त्यानं आधी पाणी मागितलं. मग पायरीवर बसला, पटका काढून घाम पुसला.

"लई ऊन हाय बाबा तुमच्या सोलापुरात," तो म्हणाला.

"अव्वा कशी आहे?"

"कशी म्हंजे? आताच तर एसटीत संगं हुती माज्या."

"कोण होतं तिच्याबरोबर? अप्पा?"

"अप्पा कशाला? एकटीच. हे एवढं गठुडं मांडीवर. डिंक, खोबरं, खारका. अणदूरला तुज्या मावशीच्या पोरीचे दिस भरलेत न्हवं, तिचं बाळंतपन कराया निघाली हुती. महिनाभर तिकडंच ऱ्हानार म्हनली."

मी विचारलं, "आणि गोळी?"

"इचारलं की म्या. पाडव्याच्या आधीच सुटली म्हनली शेवटची. डाक्टरनं पुन्हा पुन्हा बघितलं, मग सोडली." त्यानं तांब्यातलं उरलेलं पाणी पिऊन टाकलं. "अणदूर आलं तवा म्या म्हनलं, वैनी, गठुडं उतरू लागू का? तर म्हनली, तू तुजं पोतं सांभाळ."